रिअर व्हील ड्राइव्ह आणि आपला पाऊस

मृग लागला की गाडीवेड्या मित्रांच्या गप्पांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. "रिअर व्हील ड्राइव्ह आहे ना तुझी? मग पावसाळ्यात काढूच नकोस बाहेर." सल्ला देणारा स्वतः स्विफ्ट नाहीतर आय-ट्वेंटी चालवत असतो. ऐकणाऱ्यानं नुकतीच एखादी सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतलेली असते, तीही घरच्यांच्या नाकावर टिच्चून. मग काय, जून ते ऑक्टोबर गाडी कव्हरखाली आणि मालक कॅबमध्ये.

माझ्या मते हा सल्ला अर्धा चुकीचा आहे आणि उरलेला अर्धा आळशीपणाचा आहे. का, ते आज जरा सविस्तर लिहितो. विषय थोडा तांत्रिक आहे, पण इथे येणारे बहुतेक जण आपल्याच जमातीतले आहेत, त्यामुळे चालून जाईल.

पहिली गोष्ट म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह हे काही विलायती प्रकरण नाही. लहानपणी ज्या एसटीनं गावी गेलो ती मागच्या चाकांवर चालते. रिक्षा मागच्या चाकांवर. काळीपिवळी जीप, ट्रक, टेम्पो, सगळे मागच्याच चाकांवर. अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीसुद्धा तशाच होत्या. आपल्याकडे पुढची चाकं ओढणारी गाडी घराघरात पोचली ती मारुती ८०० मुळे, म्हणजे १९८३ च्या डिसेंबरनंतर. आणि त्याच मारुतीची ओम्नी, जी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती, ती पुन्हा रिअर व्हील ड्राइव्हच. तिची जागा घेणारी ईकोही तशीच. बोलेरो तशीच. गावातल्या प्रत्येक तिसऱ्या घरासमोर उभा असलेला पिकअप तसाच.

म्हणजे पावसात मागच्या चाकांवरच्या गाड्या चालवण्याचा अनुभव या देशात रग्गड आहे. तो फक्त आपल्या, म्हणजे हिंजवडी-खराडीत वाढलेल्या पिढीकडे नाही. आपण ड्रायव्हिंग स्कूलच्या हॅचबॅकवर शिकलो, पुढे दुसरी हॅचबॅक घेतली, आणि आता एकदम तीनशे अश्वशक्तीच्या मागे लागलो. गडबड इथे आहे.

आता खरा किस्सा सांगतो. राजुरी हे माझं आजोळ. जुन्नर तालुक्यात, आळेफाट्यावरून नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) दिशेनं निघालं की बेल्ह्याच्या अलीकडे. कांदा, टोमॅटो, दूधदुभतं असलेलं कष्टाळू गाव. माझ्या मामेभावाला २०२३ चा टोमॅटोचा हंगाम चांगला लागला. (त्या जुलैतले टोमॅटोचे भाव आठवत असतीलच, शहरात आपण तेव्हा बर्गरमधून टोमॅटो गायब झाल्याबद्दल हळहळत होतो.) त्यानं त्या पैशातून आधी पिकअप बदलला, विहिरीवरची मोटर बदलली, आणि उरलेल्यात थोडं कर्ज घालून मुंबईहून एक २०१२ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर आणली. छत दुमडून डिकीत जाणारी, दोन सीटची, ३०६ अश्वशक्तीची. मामांनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, बेल्ह्यापर्यंत एक चक्कर मार."

पहिल्याच पावसाळ्यात त्याला शहरातल्या मित्रांनी वरचा सल्ला दिला, आणि त्यानं तो मानून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. त्यावर आमची जी चर्चा झाली, तिचाच हा लेख झाला आहे.

थोडं मेकॅनिक्स बघू. टायरकडे रस्त्याला धरून राहण्याची एकच शिल्लक असते. ब्रेक, वळण आणि रेस ही तिन्ही खर्चाची खाती त्याच शिलकीतून भागवायची. वळताना निम्मी शिल्लक वापरली तर रेस द्यायला उरलेलीच मिळणार. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर वळवण्याचं आणि ओढण्याचं अशी दोन्ही कामं करतात. शिल्लक संपली की गाडी वळायचं सोडून सरळ जायला लागते. घाबरून माणूस काय करतो? पाय उचलतो. आणि नेमकं तेच बरोबर असतं: पाय उचलला की वजन पुढे येतं, टायर पुन्हा धरतात, गाडी वळते. म्हणजे आपली नैसर्गिक भीतीच आपल्याला वाचवते.

मागच्या चाकांवरच्या गाडीत कामं वाटून दिलेली असतात. पुढची वळवतात, मागची ढकलतात. ऐकायला हे डिझाइन जास्त स्वच्छ आहे, आणि चालवताना मजाही त्यातच आहे. पण शिल्लक संपते ती मागे. वळणावर रेस जास्त झाली की मागचे टायर सुटतात आणि शेपूट बाहेर निघते. इथे घाबरून एकदम पाय उचलला किंवा ब्रेक हाणला, तर वजन पुढे जातं, मागचं हलकं होतं, आणि शेपूट आणखी फिरते. म्हणजे तीच नैसर्गिक भीती इथे घात करते. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही सिस्टिम फेल होतातच; पण एकीत युजरनं घाबरून कुठलंही बटण दाबलं तरी ती सावरते, दुसरीत तसं होत नाही.

तेव्हा सल्ला देणाऱ्यांचं पूर्ण खोटं नाही. शिकाऊ माणसाला पावसात फ्रंट व्हील ड्राइव्ह सोपी जाते, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप पुढच्या भागाला आहे, "म्हणून काढूच नकोस" या भागाला. कारण शेपूट फिरायला मागची चाकं चालवणारी असणं पुरेसं नाही. आपल्या वडिलांच्या काळातली पद्मिनी चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीची होती. त्या गाडीचं मागचं चाक ओल्या रस्त्यावर उगाच फिरवायचं म्हटलं तरी मेहनत करावी लागायची. गडबड होते ती ताकद, टायर आणि उजवा पाय या तिघांच्या गणितात. त्यातली ताकद गाडी घेतानाच ठरून जाते, बाकी दोन आपल्या हातात (आणि पायात) असतात.

टायरपासूनच सुरू करू, कारण झेड-फोरचं खरं दुखणं तिथेच निघालं.

मामेभावाचं म्हणणं, "टायर नवेच आहेत, गाडी फार चाललेलीच नाही." दिसायला खरंच नवे. नक्षी खोल, कडा धारदार. विकणाऱ्यानंही तेच सांगितलं होतं. मी खाली वाकून टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचला: २३१५. म्हणजे २०१५ सालातला तेविसावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर! रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं; ऊन, हवा आणि काळ त्याला कडक करतात. नख रुतवून बघितलं तर नख रुतेना. अशा टायरवर कोरड्या रस्त्यावर फारसं काही जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर मात्र तो टायर राहत नाही, खडू होतो.

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांसाठी हा सगळ्यात मोठा सापळा आहे, कारण या गाड्या कमी चालतात. आपण ओडोमीटर बघून खूष होतो, आणि कमी चाललेली गाडी म्हणजेच जुन्या टायरची गाडी हे डोक्यातच येत नाही. सहा वर्षांच्या पुढचा टायर पावसाळ्याच्या तोंडावर बदलावा, नक्षी कितीही शिल्लक असो. आणि नक्षीचं म्हणाल तर कायद्यानं कारला किमान १.६ मिलिमीटर लागते, पण ती दंड टाळण्याची मर्यादा आहे. पाणी बाहेर फेकायचं तर ३ च्या खाली गेलेला टायर मी तरी पावसात वापरणार नाही.

पाणी फेकणं म्हणजे काय ते कळायला एक आकडा सांगतो. फॉर्म्युला वनच्या गाड्या सगळ्या मागच्या चाकांवरच चालतात, आणि त्यांचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला टाकतो. सेकंदाला चार-पाच बादल्या, एका टायरनं. आपल्या टायरची नक्षी हेच काम लहान प्रमाणात करते. ते जमलं नाही की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी तरंगते. नासानं १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून एक ढोबळ सूत्र काढलं होतं: हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, साधारण १६.७ नं गुणा. तो झाला तरंगण्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. ३२ पीएसआयला उत्तर येतं ९४. हवा कमी होऊन २५ वर आली तर ८३. कारला हे तंतोतंत लागू नाही: चांगली नक्षी असेल तर वेग थोडा वर जातो, आणि रुंद टायर असेल तर खाली येतो. झेड-फोरला पुढे २२५ आणि मागे २५५ रुंदीचे टायर आहेत. फोटोत काय झकास दिसतात! पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर म्हणजे होडी. बोलेरोचा अरुंद, उंच टायर तेच पाणी चिरून जातो.

म्हणून मला गंमत वाटते, की लोक लाखाची एक्झॉस्ट बसवतात आणि हवा चेक करायला महिनोन् महिने जात नाहीत.

दुसरा भाग रस्त्याचा. शहरातून घाटात फिरायला येणाऱ्यांना हा रस्ता नीट कळत नाही, असं माझं मत आहे. राजुरीहून पश्चिमेला निघा. राजुरीत ऊन-पावसाचा खेळ, रस्ता जवळपास कोरडा. आळेफाट्यावर भुरभुर. ओतूरला रिपरिप. मढच्या पुढे, पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेनं, धो धो. आणि माळशेजच्या तोंडाशी धुकं इतकं की बॉनेटच्या पुढे काही नाही. एकाच जुलैमधल्या एकाच सकाळी, दीड-दोन तासांत. उलट पूर्वेला गेलात तर आणे घाटापर्यंत कित्येकदा वायपर लावायचीही वेळ येत नाही. सह्याद्रीच्या पावसाची ही उतरंड शाळेत भूगोलात शिकलेलो असतो, पण गाडी चालवताना उजवा पाय राजुरीत जो वेग धरतो तोच मढपर्यंत धरून बसतो.

हिशेब करा. ताशी ८० वरून पूर्ण थांबायला, घर्षणांक ०.७ धरला तर सुमारे ३६ मीटर लागतात. ओल्या रस्त्याचा ०.४ धरला तर सुमारे ६३. हे ब्रेक लागल्यानंतरचं अंतर, प्रतिक्रियेचा वेळ वेगळा. वळणाचं गणित वर्गमुळावर चालतं: कोरड्यात जे वळण ६० नं घेता येतं, ते ओल्यात ४५ लाच संपतं. आणि त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेला काळ्या मातीचा चिखल असेल तर आकडा तिशीत येतो. हा चिखल मला पावसापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. शेताचा रस्ता जिथे डांबरीला मिळतो तिथे पन्नास-शंभर फूट तो पसरलेला असतो, बहुतेक वळणावर, आणि डांबरासारखाच काळा दिसतो. वळवाच्या पहिल्या सरीत त्यात उन्हाळाभराचं ऑइल आणि धूळ मिसळते. चार दिवस जोराचा पाऊस होऊन रस्ता धुऊन निघाला की उलट पकड सुधारते. त्यामुळे "पहिल्या पावसात मस्त ड्राइव्ह" ही कल्पना रोमँटिक असली तरी पकडीच्या दृष्टीनं वर्षातला तो सगळ्यात वाईट दिवस.

मामा हे सगळं वर्गमूळ न काढता सांगतात. त्यांनी वीस-बावीस वर्षं पिकअप चालवला आहे, पहाटे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात आणि दुपारी रिकामा परत. त्यांच्या मते भरलेली गाडी पावसात आज्ञाधारक असते, रिकामी गाडी उनाड. बरोबरच आहे. टनभर टोमॅटो मागच्या अ‍ॅक्सलवर बसले की मागचे टायर रस्त्याला चिकटतात; माल उतरवला की मागचं हलकं, पाटे कडक, आणि प्रत्येक खड्ड्यावर मागची चाकं उडतात. त्यामुळे येताना ते वळणाच्या आधी गिअर पाडतात, वळणात पाडत नाहीत. वळणात गिअर पाडला की इंजिन फक्त मागच्या चाकांना ब्रेक लावतं, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. रेस देताना पायाखाली अंडं आहे असं समजून द्यायची. शेपूट सुटलीच तर जिकडे जायचंय तिकडे बघायचं, स्टिअरिंग आपोआप तिकडे जातं. आणि समोरून एसटी येत असेल तर आपण आपला वेग आधीच कमी करायचा, कारण ती करणार नाही :-)

मी हिंजवडीतल्या एका सहकाऱ्याला ओळखतो, त्यानं रिअर व्हील ड्राइव्ह कसं सांभाळावं यावर परदेशी व्हिडिओ बघून वहीभर नोट्स काढल्या आहेत. त्यात याहून वेगळं काही नाही. (बर्फाचं एक प्रकरण जास्त आहे.)

झेड-फोरमध्ये गाडी घसरायला लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सरळ करणारी यंत्रणा आहे. हल्लीच्या महागड्या गाड्यांत तर पावसासाठी वेगळे मोडही येतात. पोर्शच्या आताच्या ९११ मध्ये चाकाच्या कमानीत आवाज ऐकणारे सेन्सर आहेत, ते पाणी उडाल्याचा आवाज ओळखून चालकाला सावध करतात. ही सगळी उत्तम कामं आहेत आणि पावसात ते बटण बंद करून "मी खरा ड्रायव्हर" म्हणणाऱ्याला माझ्याकडून शून्य मार्क. पण सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारा माणूस म्हणून एक सांगतो: सॉफ्टवेअर असलेली पकड वाटून देऊ शकतं, नसलेली निर्माण करू शकत नाही. २०१५ च्या खडूवर ते काय करणार?

तुम्ही म्हणाल, झेड-फोर किती जणांकडे असते? राजुरीत एक, पुण्यात काही. एवढं कशाला लिहायचं?

तर मला ज्याची काळजी वाटते ते इथून पुढे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्रानं बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या दोन इलेक्ट्रिक गाड्या आणल्या. बनतात आपल्या चाकणला. मोटर मागच्या अ‍ॅक्सलवर, ढकलतात मागची चाकं. मोठ्या बॅटरीच्या बीई ६ ची ताकद सुमारे २८६ अश्वशक्ती आणि टॉर्क ३८० न्यूटन मीटर. मामेभावाची झेड-फोर ३०६ आणि ४००. म्हणजे जर्मन स्पोर्ट्स कारच्या जवळपासचे आकडे आता आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ईएमआयवर येत आहेत, लहान मुलांच्या सीटसकट. आणि इलेक्ट्रिक मोटर टॉर्क द्यायला आरपीएम चढायची वाट बघत नाही, पाय पडला की लगेच हजर.

ही गाडी कोण घेतंय? आपणच. काल-परवापर्यंत स्विफ्ट चालवणारे. ज्यांचा उजवा पाय "घाबरलास तर उचल" एवढंच शिकलेला आहे. आणि इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलणं म्हणजे नुसतं रेस सोडणं नव्हे. रिजन वर ठेवलं असेल तर तो ब्रेक असतो, आणि मोटर मागे असल्यानं तो मागच्या चाकांना लागतो. म्हणजे मामा ज्यासाठी वळणात गिअर पाडत नाहीत, नेमकं तेच, गिअरशिवाय. इलेक्ट्रॉनिक्स यातलं बरंच सांभाळून घेतं, वादच नाही, आणि अशा गाड्या चांगल्याच आहेत. मला स्वतःला परवडली तर मी घेईन. पण पावसात रिजन खालच्या पातळीवर ठेवा, एका पेडलवर गाडी चालवायची हौस कोरड्या दिवसांसाठी राखा, एवढं गाडी ताब्यात देताना शोरूमवाल्यांनी सांगायला काय हरकत आहे? माझ्या एका मित्राला गाडी देताना एका शोरूममध्ये चाळीस मिनिटं स्क्रीनवरचे रंग कसे बदलायचे ते दाखवलं. मागची चाकं हा शब्दही निघाला नाही.

आणि हे फक्त मालकापुरतं नाही. कल्याण-नगर रस्त्यावर सकाळी सहाला दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल असते, साडेसहाला कांदा लागवडीला निघालेल्या बायका पिकअपमध्ये उभ्या असतात, नंतर शाळेची पोरं रस्त्याच्या कडेनं चालत असतात. कुणाच्या गाडीची शेपूट फिरली तर ती त्यांच्या अंगावर जाते. म्हणूनच माझा "गाडी काढा" हा आग्रह बिनशर्त नाही. रविवारच्या माळशेजला जुलै-ऑगस्टमध्ये अशी गाडी नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. दरडी, धुकं आणि रस्त्याच्या मधोमध धबधब्याबरोबर सेल्फी काढणारे पर्यटक, यात कुठलीच स्पोर्ट्स कार आपलं काही दाखवू शकत नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. या डोंगरांतला जुलै हा ड्राइव्हचा बॅकड्रॉप नाही. रात्रीचंही तेच: उसातून बिबट्या रस्त्यावर येतो ही जुन्नरकरांसाठी गोष्ट नाही, नेहमीची बाब आहे. बुटक्या गाडीच्या हेडलाइटमध्ये आणि पावसात तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

साचलेल्या पाण्याबद्दल तर हट्टच धरू नये. या गाड्यांचं नाक खाली असतं, हवा घेण्याची जागाही खाली. इंजिननं पाणी ओढलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्यांची इंजिनं अशीच गेली. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलून बाहेर काढायची. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. स्पोर्ट्स कारच्या इंजिनच्या किमतीपुढे तो हप्ता म्हणजे चहापाणी.

आता राहिला गाडी झाकून ठेवण्याचा मुद्दा. लोकांना वाटतं उभी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी. पावसाळ्यात नाही. प्लास्टिकचं कव्हर खालून येणारी ओल कोंडून धरतं. घालायचंच तर हवा खेळेल असं कापडी. महिनाभर हँडब्रेक ओढून ठेवला तर पॅड डिस्कला गंजून चिकटतात. त्यापेक्षा गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. बॅटरी उतरते. छताच्या कडेनं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यात कडुलिंबाचा पाला अडकला की पाणी आत उतरतं, आणि काही गाड्यांत ते नेमकं इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यांपाशी जमतं. गावाकडे आणखी एक पाहुणा: शेजारी पेंडीची पोती असली की उंदीर आलेच, आणि उंदरांना जर्मन वायर आणि देशी वायर यात काही फरक वाटत नाही. दर आठवड्याला अर्धा तास चालणारी गाडी या सगळ्यातून बऱ्यापैकी वाचते. ब्रेक घासून साफ होतात, इंजिन पूर्ण तापून आतली ओल उडते, उंदरांचा संसार मोडतो.

चालवून आल्यावर मात्र खालून धुवा. काळी माती चाकांच्या कमानीत बसली की आठवडाभर ओल धरून ठेवते. राजुरीत प्रत्येक घरी फवारणीचा एचटीपी पंप असतो, त्याच्या जोरानं माती छान निघते. फक्त आधी पंप साध्या पाण्यानं धुऊन घ्यायचा (कालच्या बुरशीनाशकानं बीएमडब्ल्यूला अंघोळ नको), आणि रबरी सीलवर जवळून मारा करायचा नाही.

गारपिटीवर उपाय म्हणजे जुन्या गोधड्या आणि वर ताडपत्री. पण मामांच्या घरी प्राधान्यक्रम ठरलेला आहे: अवकाळी आली की आधी उघड्यावरचा कांदा झाकायचा, मग वेळ उरला तर झेड-फोर. मामेभावाचंही त्याबद्दल काही म्हणणं नाही.

त्यानं टायर बदलले. मागचे दोन पुढच्यांपेक्षा महाग पडले, तेव्हा "आत्ता पुढचेच घालू का, मागचे दिवाळीनंतर?" असं विचारत होता. उलट करायचं असतं. दोनच परवडत असतील तर नवे टायर नेहमी मागे, गाडी पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी. पुढचे सुटले तर गाडी सरळ जाते, मागचे सुटले तर फिरते. शेवटी चारही घातले, आणि गेल्या पावसाळ्यात गाडी दर आठवड्याला बेल्ह्यापर्यंत जाऊन येत होती, बहुतेक वेळा शेजारच्या सीटवर मामा.

तुमच्याकडे अशी गाडी असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर खाली जाऊन तो चार आकडी कोड वाचून या. कित्येक टायरवर तो एकाच बाजूला असतो आणि बसवणाऱ्यानं ती बाजू आत टाकलेली असते, तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या मागून बघावं लागेल.